एमएससीनंतर सरकारी शास्त्रज्ञ व्हायचंय? इंदूरच्या मुलामुलींसाठी अर्जापासून रुजू होईपर्यंतची माहिती

इंदुरात एमएससी झालेल्या मुलाला घरून आणि शेजारून दोन सल्ले ठरलेले असतात: बी.एड. करून घे, नाहीतर पीएससीला बस. राजेंद्रनगरच्या पलीकडे कॅट, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, खंडवा रोडवर सोयाबीन संशोधन संस्था आहे, विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम आहे. तिथे शास्त्रज्ञ काम करतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते तिथे पोचले कसे, हे विचारलं की उत्तर येतं, "ती हुशार मुलं असतात हो."

मी होळकर सायन्स कॉलेजातून एमएससी केलं आणि पुढे केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत लागले. अभ्यास लागतोच, त्याला पर्याय नाही. पण बरोबरीची कितीतरी चांगली मुलं पेपर हातात पडायच्या आधीच गळताना मी पाहिली: कुणाला जाहिरात कळलीच नाही, कुणी पात्रतेची ओळ नीट वाचली नाही, कुणाचं प्रमाणपत्र चुकीच्या नमुन्यातलं निघालं. हे सगळं टाळता येतं, म्हणून हा लेख. अभ्यासाबद्दल यात फार काही नाही.

१. शास्त्रज्ञांसाठी एकच परीक्षा नसते

बँकेसाठी आयबीपीएस, कलेक्टर व्हायला यूपीएससी, तशी शास्त्रज्ञांसाठी एक सामायिक परीक्षा नाही. प्रत्येक खातं आपली भरती आपल्या पद्धतीने करतं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे आपल्या विषयाला कोणकोणत्या खात्यात जागा असतात, ते शोधणं.

अणुऊर्जा विभागापासून सुरुवात करते, कारण इंदूरच्या मुलांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. कॅटमध्ये लागायचं तर कॅटच्याच जाहिरातीची वाट पाहायची असं त्यांना वाटतं. नव्याने येणाऱ्या शास्त्रज्ञांची मुख्य भरती मात्र मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जाहिरातीतून होते. तिला ओसीईएस म्हणतात. अभियांत्रिकीचे पदवीधर आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र अशा विषयांचे एमएससी त्यासाठी अर्ज करू शकतात. भाभा केंद्राची ऑनलाइन परीक्षा किंवा गेट या परीक्षेचा स्कोअर, यांपैकी कशानेही मुलाखतीपर्यंत पोचता येतं, आणि अंतिम निवड मुलाखतीवरच होते. मग एक वर्षाचं प्रशिक्षण, ते पूर्ण केलं की सायंटिफिक ऑफिसर. सातव्या वेतन आयोगाच्या लेव्हल १० मध्ये, म्हणजे ५६,१०० रुपये मूळ वेतनावर सुरुवात होते. प्रशिक्षण शाळेची एक शाखा आपल्या कॅटमध्येच आहे. तरी नेमणूक इंदुरातच मिळेल असं मनात धरून अर्ज करू नका. कल्पाक्कम किंवा हैदराबादही मिळू शकतं. खुल्या गटाला वयाची अट २६ वर्षांची असते. म्हणजे एमएससीनंतर "एक-दोन वर्षं बघू" म्हणणाऱ्याच्या हातून हा मार्ग सगळ्यात आधी जातो.

डीआरडीओमध्ये, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेत, सायंटिस्ट 'बी' या पदासाठी आरएसी हे त्यांचं भरती केंद्र गेटच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावतं. ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापना डीआरडीओचीच. रसायन आणि जीवशास्त्रवाल्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

सीएसआयआरच्या, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, ३७ प्रयोगशाळा आहेत आणि प्रत्येक प्रयोगशाळा स्वतःची जाहिरात स्वतः काढते. शास्त्रज्ञपदाला तिथे बहुतेक ठिकाणी पीएचडी लागते. सीएसआयआर-नेट ही परीक्षा मात्र वेगळी गोष्ट आहे. नेट पास होणं म्हणजे नोकरी नव्हे. जेआरएफ मिळाली तर ती संशोधनाची शिष्यवृत्ती असते, सध्या महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. पीएचडी करून मग शास्त्रज्ञ व्हायचं असेल, तर सुरुवात इथून.

शेतीशी जोडलेले विषय असतील तर कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळ, म्हणजे एएसआरबी. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संस्थेत दिसणारे बहुतेक शास्त्रज्ञ याच मंडळाच्या एआरएस परीक्षेतून आलेले असतात. भूशास्त्र, भूभौतिकी किंवा रसायन असेल, तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहेच; त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जागा भरतात. यूपीएससी एकेकट्या पदांसाठीही थेट अर्ज मागवते, त्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळांसारख्या ठिकाणची वैज्ञानिक पदं येतात. फी फक्त २५ रुपये, महिलांना तीही नाही. तरी आपल्याकडची मुलं ही जाहिरात उघडूनसुद्धा पाहत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

इस्रो, भारतीय मानक ब्युरो, वैद्यकीय संशोधनाची आयसीएमआर, प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या जागा अधूनमधून येतात. राज्यात एमपीपीएससीकडून, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाकडून, सायंटिफिक ऑफिसर आणि फूड सेफ्टी ऑफिसर यांसारखी पदं भरली जातात, आणि एमपीपीएससीचं कार्यालय तर इंदुरातच आहे.

आणि फक्त बीएससी झालेल्यांनी हिरमुसू नये. भाभा केंद्राचे स्टायपेंडियरी ट्रेनी, सीएसआयआरचे टेक्निकल असिस्टंट ही पदं बीएससीवर मिळतात, आणि प्रयोगशाळेचं खरं काम तिथूनच शिकता येतं.

२. गेटचा अर्ज एमएससीच्या शेवटच्या वर्षातच भरा

गेट म्हणजे इंजिनिअरांची परीक्षा, ही समजूत काढून टाका. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, जीवविज्ञान या सगळ्यांचे पेपर त्यात आहेत. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. एकाच स्कोअरवर अणुऊर्जा, डीआरडीओ, मानक ब्युरो, आणि कुठे कुठे पीएचडीचा प्रवेश, इतक्या ठिकाणी अर्ज करता येतो. भंवरकुआच्या क्लासमध्ये नाव घालायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण फॉर्म भरायला क्लासची वाट पाहू नका.

३. जाहिरात मूळ ठिकाणीच वाचा

टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ते फक्त कळण्यापुरतं. "एमएससी पास, ४०० जागा, आजच अर्ज करा" अशा चित्रात तुमच्या विषयाला किती जागा आहेत, वयाची अट काय, यातलं काहीच नसतं. तिथून संस्थेचं नाव घ्या, संस्थेच्या साइटवर जा, भरतीच्या पानावरून मूळ पीडीएफ उतरवा. साप्ताहिक रोजगार समाचार हिंदीत निघतो. ज्या लहान संस्थांच्या साइट आपण एरवी कधी उघडत नाही, त्यांच्या जागा त्यात सापडतात.

साइट खरी की खोटी, हे कसं ओळखायचं? सरकारी पत्ते बहुधा जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन किंवा आरईएस डॉट इनने संपतात. मात्र काही खऱ्या परीक्षांचे अर्ज वेगळ्याच नावाच्या साइटवर भरायचे असतात. म्हणून गूगलवर शोधून आलेल्या साइटवर थेट फॉर्म भरू नका. मूळ संस्थेच्या पानावर दिलेला दुवा दाबूनच पुढे जा. आणि फोन करून "सिक्युरिटी डिपॉझिट भरा, नेमणूकपत्र पाठवतो" म्हणणारा माणूस फसवणाराच असतो. कोणतंही सरकारी खातं नेमणुकीसाठी असे पैसे मागत नाही.

आठवड्यातला एक वार ठरवा. आपल्या विषयाला लागू असणाऱ्या दहा-बारा संस्थांची यादी करून त्या दिवशी प्रत्येकीचं भरतीचं पान उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे.

४. पात्रतेच्या चार ओळी पेन्सिल घेऊन वाचा

पहिली ओळ विषयाची. जाहिरातीत "रसायनशास्त्रात एमएससी" असेल आणि तुमच्या पदवीवर "अप्लाइड केमिस्ट्री" किंवा "फार्मास्युटिकल केमिस्ट्री" असेल, तर समकक्ष विषय चालतील असं कुठे म्हटलंय का, ते शोधा. म्हटलं नसेल तर फी भरण्याआधी संस्थेला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

दुसरी ओळ गुणांची. ६० टक्के म्हणजे ६०. ५९.९ला ६० धरत नाहीत. सीजीपीए असेल तर टक्केवारी स्वतःच्या मनाने, दहाने गुणून काढू नका. विद्यापीठाचं सूत्र असतं, त्याचं पत्र विद्यापीठातून आधीच घेऊन ठेवा. मुलाखतीचं बोलावणं आल्यावर या पत्रासाठी धावाधाव करणारी मुलं दरवर्षी दिसतात.

तिसरी, निर्णायक तारीख. वय आणि पात्रता कोणत्या तारखेला मोजणार, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, आणि ती तारीख दर वेळी अर्जाची शेवटची तारीखच असेल असं नाही. शेवटच्या वर्षातल्या मुलांना काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी निकाल हातात असावा लागतो. आपल्याकडे विद्यापीठाचे निकाल लांबतात, तेव्हा हे फार महत्त्वाचं आहे.

चौथी ओळ आवश्यक आणि वांछनीय यांतल्या फरकाची. आवश्यक ते पाहिजेच. वांछनीय नसलं तरी अर्ज करता येतो. वांछनीय अनुभव नाही म्हणून मागे हटणाऱ्यांत मुली जास्त दिसतात, म्हणून हे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिते: अर्ज करा.

५. कागदपत्रं: इथे वेळ घालवा

हे काम जाहिरात येण्याआधी, शक्य तर वर्षभर आधी सुरू करा.

नावापासून सुरुवात करू, कारण मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत गोंधळ इथेच होतो. आपली रीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी. इथल्या बोर्डाच्या दहावीच्या अंकसूचीवर मुलाचं नाव आणि आडनाव एका ओळीत, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. मग पॅन कार्डावर मधलं नाव येतं, अंकसूचीवर येत नाही, आणि पुण्याच्या काकांकडे राहून आधार काढलं असेल तर आडनाव आधी छापलेलं असतं. हिंदी कागदांवर काळे यांचे काले आणि केळकरांचे केलकर होतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे एखादा एच जास्त, कुठे एखादा ए कमी. यातलं प्रत्येक वेगळेपण पडताळणीच्या टेबलावर प्रश्न बनून समोर येतं.

नियम एकच ठेवा: दहावीची अंकसूची हा पाया. बाकीचे सगळे कागद तिच्याशी जुळवून घ्या. आधार आणि पॅन दुरुस्त होतात, वेळ मात्र लागतो. दहावीच्या अंकसूचीतच चूक असेल तर बोर्डाकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच करा. जितका उशीर कराल तितकं ते किचकट होत जातं. जी तफावत राहूनच जाईल, तिच्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं शपथपत्र जवळ असू द्या.

लग्न झालेल्या मुलींनो, आडनाव बदलायचं की नाही हा तुमचा निर्णय. बदललंत तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हातात हवं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. ते कागदोपत्री आणाल तर राजपत्रात प्रसिद्ध करण्यापर्यंत काम वाढतं. अर्जांचा काळ चालू असेपर्यंत कागदावर जुनंच नाव राहू द्या, असं मी स्पष्टपणे सुचवेन. सासरची मंडळीसुद्धा नीट सांगितलं की समजून घेतात.

दुसरा मोठा विषय आरक्षणाच्या प्रमाणपत्रांचा. ओबीसी प्रमाणपत्र राज्याच्या कामासाठी वेगळं आणि केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यात, नॉन-क्रिमिलेअरच्या उल्लेखासह, वेगळं लागतं. आमच्या बरोबरीचा एक मुलगा राज्याचं प्रमाणपत्र घेऊन दिल्लीला मुलाखतीला गेला. तिथे त्याला खुल्या गटात धरलं आणि वयाच्या अटीत तो बसेना. जाहिरातीच्या शेवटी प्रमाणपत्राचा नमुना जोडलेला असतो. त्याची प्रिंट काढून लोक सेवा केंद्रात किंवा तहसील कार्यालयात तीच दाखवा.

त्याहून नाजूक बाब म्हणजे महाराष्ट्राशी असलेलं नातं. केंद्राची ओबीसी यादी राज्यवार आहे. महाराष्ट्राच्या यादीत असलेली जात मध्य प्रदेशच्या यादीत असेलच असं नाही. अनुसूचित जाती-जमातींचंही तेच: वडील नागपूरहून किंवा जळगावहून इकडे आले असतील, तर प्रमाणपत्र मूळ राज्याचं असतं, केंद्राच्या नोकरीत ते चालतं, पण मध्य प्रदेश सरकारच्या भरतीत त्यावर आरक्षण मिळत नाही. घरातल्या मोठ्यांना विचारून कुटुंब कधी आलं, जुने कागद कुठले आहेत, हे आत्ताच पक्कं करा. पिढ्यान्‌पिढ्या होळकरांच्या काळापासून इथे असलेल्या घरांची गोष्ट वेगळी, पण पुरावा त्यांनाही द्यावा लागतो.

ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं, प्रमाणपत्र आर्थिक वर्षाशी बांधलेलं असतं. मागच्या वर्षीचं चालत नाही. कोणत्या वर्षाचं हवं, ते जाहिरातीतच पाहून काढा.

एका फाइलमध्ये हे एकत्र असू द्या, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन:

– दहावी आणि बारावीच्या अंकसूची. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचीच चालते
– बीएससी आणि एमएससीच्या सगळ्या सेमिस्टरच्या अंकसूची. फक्त शेवटची पुरत नाही
– पदवी, ती मिळाली नसेल तर प्रोव्हिजनल
– सीजीपीएचं सूत्र सांगणारं विद्यापीठाचं पत्र
– गेट किंवा नेटचं स्कोअरकार्ड
– लागू असेल ते जात, ईडब्ल्यूएस किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्र
– मूल निवासी प्रमाणपत्र आणि रोजगार पंजीयन; राज्याच्या भरतीत मागतात
– अनुभवाची पत्रं, त्यांत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, पगार
– आता सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र

६. अर्ज स्वतः भरा

एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर गर्दीत बसून फॉर्म भरून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घरी इंटरनेट नसेल तर तिथे जरूर जा, पण कीबोर्ड स्वतःच्या हातात घ्या. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच हवा. कियोस्कवाल्याच्या ईमेलवर नोंदणी झाली, तर प्रवेशपत्र आणि मुलाखतीचं बोलावणं त्याच्याकडे जातं आणि तुम्हाला कळतही नाही.

फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, अलीकडचा. त्यावर नाव आणि तारीख लागते का, किती केबीचा हवा, ते सूचनांमध्ये असतं. सही रोजची करा, सुट्या मोठ्या अक्षरांत नको, आणि मग प्रत्येक ठिकाणी तीच. स्पेशलायझेशन विचारलं असेल तिथे एमएससीच्या शेवटच्या वर्षाचा विषय आणि प्रोजेक्टचं नेमकं शीर्षक लिहा. मुलाखतीत प्रश्न त्यावरूनच सुरू होतात. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर रडतात, फी अडकते. चार-पाच दिवस हातात राखून भरा, आणि भरलेल्या अर्जाची पीडीएफ, फीची पावती व मूळ जाहिरात एकाच फोल्डरमध्ये ठेवा. निकाल लागेपर्यंत जाहिरात साइटवरून काढून टाकलेली असू शकते.

७. मुलाखत

शास्त्रज्ञपदाच्या मुलाखतीत तुमचे छंद, गावाचं नाव, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता" असलं फारसं विचारत नाहीत. समोर त्या विषयातली माणसं असतात. बहुधा आवडीचा विषय विचारतात आणि तुम्ही सांगितलेल्या विषयात खोल खोल जातात. म्हणून विषय निवडताना ऐकायला भारी वाटणारा नको, जो शून्यापासून फळ्यावर मांडता येईल तो घ्या. भौतिकशास्त्रवाल्याने "क्वांटम" म्हटलं, तर हार्मोनिक ऑसिलेटर हातचं पाहिजे.

एमएससीचा प्रोजेक्ट नीट तयार करा. यंत्राचं नाव सांगता येणं वेगळं आणि ते कशावर चालतं हे सांगता येणं वेगळं. एक्स-रे डिफ्रॅक्शन केलं असेल तर शिखरं नेमकी त्याच कोनाला का आली, हे यायलाच हवं. आपल्याला इथे फार मोठी सोय आहे: कॅटमधल्या इंडस-२ सारखी सिंक्रोट्रॉन सुविधा देशात दुसरीकडे नाही, आणि कन्सॉर्शियममध्ये विद्यापीठातली मुलं प्रोजेक्टसाठी जातात. तुमच्या प्राध्यापकांना विचारा, विषय तसा निवडा. स्वतः उभं राहून घेतलेल्या मापनाबद्दल बोलताना आवाजात जो भरवसा येतो, तो पाठांतराने येत नाही.

येत नसेल ते "येत नाही" म्हणा. पण आधी, "अंदाज बांधून पाहू का?" हे विचारून पाहा, विचार करण्याची पद्धत पाहण्यात त्यांना रस असतो. आपल्याकडचं शिकणं हिंदी-इंग्रजी मिसळून होतं, त्यामुळे संज्ञा माहीत असूनही इंग्रजी वाक्य अडतं. महिनाभर रोज एका मैत्रिणीला किंवा मित्राला एक संकल्पना इंग्रजीत समजावून सांगा.

८. निवड झाल्यावर

वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते, अणुऊर्जा आणि संरक्षण खात्यांत ती जरा बारकाईने. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात ते पत्ते विचारतात. हॉस्टेल आणि भाड्याची खोलीही त्यात धरा. कॉलेजातल्या आंदोलनात एखादा गुन्हा नोंदला गेला असेल, पुढे तो मिटलाही असेल, तरी फॉर्ममध्ये लिहा. लपवलेली गोष्ट पुढे उघडकीला आली तर नोकरी जाऊ शकते. पोलिस घरी येऊन जातील हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते उगाच घाबरतात.

नेमणूकपत्रातली बंधपत्राची अट पूर्ण वाचून सही करा. रुजू व्हायला जास्त वेळ हवा असेल, तर दिलेली मुदत संपण्याआधी लेखी मागा. फोनवर मिळालेल्या होकाराला किंमत नसते. आधीपासून सरकारी नोकरीत असाल आणि रीतसर परवानगी घेऊन अर्ज केला असेल, तर साधा राजीनामा देऊ नका. तांत्रिक राजीनामा द्या आणि त्या पत्रात नव्या नेमणुकीचा क्रमांक व तारीख लिहा, म्हणजे आधीची सेवा मोजली जाते. आणि मूळ कागदांची फाइल घेऊन रेल्वेने निघाल तेव्हा ती सीटखालच्या बॅगेत ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा. सगळ्याचं स्कॅन घरी कुणाच्या तरी मोबाइलमध्येही असू द्या.